१/२४ रँग्लरला लिफ्ट, मोठे टायर आणि चिखल, सुरुवात कुठून करू?

डोंगरचढ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १/२४ स्केलचं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) जोडायचं प्लास्टिक मॉडेल आहे, जीप रँग्लर रुबिकॉन, जेके पिढीची, दोन दारांची. आत्तापर्यंत डब्यावर जशी दाखवलीय तशीच गाडी करायची आणि कपाटात ठेवायची एवढंच केलंय. ही तशी नाही करायची. शोरूममधून निघालेली चकचकीत रुबिकॉन बघून काय करायचं, मला ती ट्रेल मारून आलेली पाहिजे, उचललेली (म्हणजे लिफ्ट दिलेली), पस्तीस इंची टायर, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचा दोराचा ड्रम), स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी), वर कॅरियर, पुढची चाकं एका बाजूला वळलेली आणि खालून चिखलाने माखलेली.

आता प्रश्न असा की लिफ्ट किती द्यायची हेच कळत नाहीये, अंदाजाने उचलली तर खेळण्यातल्या मॉन्स्टर ट्रकसारखी दिसेल ही भीती आहे. दुसरं म्हणजे क्रम, आधी सगळं जोडून मग रंग की रंग मारत मारत जोडणी? एअरब्रश नाहीये, स्प्रे कॅन आणि ब्रश आहेत. आणि कुठेतरी वाचलं की रबरी टायर प्लास्टिकची रिम खातात, हे खरंय का? चिखलाचं तर विचारूच नका, मागच्या एका गाडीला ब्राऊन रंग लावून चिखल केला होता तो चॉकलेट सांडल्यासारखा दिसतोय. ज्यांनी ऑफरोड गाड्या केल्यात त्यांनी जरा सविस्तर सांगा.

फूटपट्टीवाला

अंदाजाने उचलूच नकोस ना, मोजून उचल. १/२४ चा मोठा फायदा म्हणजे खऱ्या गाडीवरचा एक इंच मॉडेलवर १.०६ मिमी होतो, म्हणजे डोक्यात हिशेब करताना एक इंच बरोबर एक मिलिमीटर धरून चाल, फार चुकणार नाही. ऑफरोडवाल्यांची सगळी भाषा इंचातच असते, ती थेट तुझ्या कॅलिपरवर येते. १/३५ वाल्यांना ही चैन नाही.

तर पहिलं टायर ठरव, लिफ्ट नंतर. जेके रुबिकॉनला कंपनीतून २५५/७५ आर १७ यायचे, ते साधारण ३२ इंची, म्हणजे मॉडेलवर ३४ मिमी. पस्तीस इंची टायर म्हणजे ३७ मिमी. डब्यातला टायर आधी मोज, कधीकधी किटवाल्यांनीच तो थोडा लहान किंवा मोठा दिलेला असतो. आता टायरचा व्यास तीन मिमीने वाढला की अॅक्सल दीड मिमी वर जातो, ही उंची तुला फुकट मिळाली, ती लिफ्टमधे धरायची नाही. त्यावर खरी लिफ्ट. जेकेवर पस्तीस इंची टायरसाठी लोक अडीच ते चार इंच लिफ्ट देतात. मी अडीचच देईन, म्हणजे २.६ मिमी. एवढंच? असं वाटेल तुला, पण टायरचे दीड धरून गाडी चार मिमी वर जाते आणि १/२४ वर ते चांगलंच दिसतं. सहा-सात मिमी उचललीस की मॉन्स्टर ट्रक झालाच म्हणून समज.

ही उंची कुठे द्यायची यावर सगळा खेळ आहे. बॉडी आणि चॅसिसच्या मधे तुकडे टाकून उचललीस तर ती बॉडी लिफ्ट झाली, सोपी आहे पण मग बंपर खाली राहतो आणि चॅसिसची पट्टी बाजूने उघडी दिसते. सस्पेन्शन लिफ्ट पाहिजे असेल तर अॅक्सल चॅसिसपासून खाली न्यायचा. जेकेला पुढे-मागे दोन्हीकडे सलग अॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत त्यामुळे हे त्यातल्या त्यात सोपं. स्प्रिंगच्या बैठकीखाली २.६ मिमीचा स्टायरिनचा (किटच्याच प्लास्टिकचा) तुकडा टाकायचा किंवा स्प्रिंगच नवीन करायची, ०.६ ची तार एखाद्या ड्रिल बिटवर गुंडाळली की झाली, किटमधल्या सॉलिड स्प्रिंगपेक्षा दिसते पण भारी.

आणि मग लोक इथेच थांबतात आणि मॉडेल फसतं. अॅक्सल खाली गेला की त्याला जोडलेली प्रत्येक गोष्ट लांब पडायला पाहिजे. शॉकअप लांब, कंट्रोल आर्म तिरके, प्रॉपेलर शाफ्टचा कोन जास्त. किटमधला शाफ्ट मधे कापून तेवढ्याच जाडीचा रॉड घालायचा. पुढचा ट्रॅक बार विसरू नकोस, चॅसिसपासून अॅक्सलपर्यंत आडवा जाणारा दांडा. खऱ्या गाडीतही लिफ्ट दिल्यावर तो तेवढाच ठेवला तर अॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून लांबी बदलता येणारा बार लावतात. तू रॉडमधून नवीन काढ.

चाकं वळवायची तर नकल (चाक जिथे वळतं तो सांधा) कापून ०.५ ची पितळी पिन घाल. दोन्ही चाकं सारख्या कोनात वळवू नकोस, वळणाच्या आतलं चाक जास्त वळतं. आतलं तीस अंशात असेल तर बाहेरचं चारपाच अंश कमी ठेव. आणि काहीही चिकटवायच्या आधी ब्लू टॅकवर (परत काढता येणारी चिकट पुट्टी) सगळं उभं करून चाक पूर्ण वळवून बघ, ३७ मिमीचा टायर कंट्रोल आर्मला किंवा बंपरच्या कोपऱ्याला घासणारच. घासला तर रिमच्या मागे एक मिमीची चकती, खऱ्या गाडीतही स्पेसर घालतात किंवा कमी बॅकस्पेसिंगची, म्हणजे चाक बाहेर आणणारी, रिम घेतात, त्यामुळे चाक जरा बाहेर आलेलं चुकीचं दिसत नाही.

जाता जाता, पाचवं चाक. जेकेचं स्टेपनी मागच्या दारावर उघडं असतं. चार मोठे टायर घातले आणि मागे जुना ३४ मिमीचा लटकतोय अशी कितीतरी मॉडेलं बघतो मी.

काळा_प्रायमर

वरच्या पोस्टला दंडवत, मी मोजमापाच्या भानगडीत पडत नाही, जोडणी आणि रंगाचं सांगतो.

आधी सगळे स्प्रू (पार्ट जोडून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून धुऊन घे आणि नीट सुकव. साच्यातून पार्ट सुटायला जे तेलकट लावतात ते राहिलं की प्रायमर फिशआय (गोल खड्डे) मारतो.

क्रम म्हणशील तर गाडीचे चार भाग धर, चॅसिस, आतला भाग, बॉडी आणि काचा-दिवे. प्रत्येक भाग वेगळा जोडून वेगळा रंगवायचा आणि शेवटी एकत्र. चॅसिस आधी पूर्ण जोडून मग काळा स्प्रे मारला तरी चालतं, तिथे चिखलच येणार आहे. बॉडीच्या बाबतीत मात्र बोनेट, दारं, फ्लेअर (चाकांवरच्या रुंद कडा) काय काय एकाच रंगाचं आहे ते बघून तेवढं एकत्र रंगव म्हणजे शेड बदलत नाही. काळे फ्लेअर वेगळे रंगवून मग लाव, मास्किंग वाचतं.

ग्लू दोन-तीन लागतात. प्लास्टिकला प्लास्टिक पातळ सिमेंटने, पार्ट आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रश टेकवायचा, ते आपोआप आत ओढलं जातं. ते प्लास्टिक वितळवून जोडतं त्यामुळे रंग मारलेल्या जागेवर चालत नाही, जोडाच्या जागचा रंग खरवडून घे. पितळ, रेझिन, तार यांना सुपरग्लू. काचांजवळ सुपरग्लू अजिबात नको, त्याची वाफ काचेवर पांढरी बसते आणि पातळ सिमेंट लागलं तर काच तडकल्यासारखी होते. काचांना पांढरा पीव्हीए ग्लू, सांडला तर ओल्या कापसाने पुसता येतो.

स्प्रे कॅनने अख्खी गाडी मस्त होते, एअरब्रश नाही म्हणून रडू नकोस. कॅन पाचदहा मिनिटं कोमट पाण्यात ठेव, गरम नाही, कोमट, प्रेशर सारखं येतं. वीस-पंचवीस सेमीवरून, स्प्रे बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच बंद करायचा. पहिले हात इतके हलके की प्रायमर दिसत राहिला पाहिजे. शेवटचा एक हात जरा ओला. वाळलं का हे बोटाने बघायचं नाही, नाकाने बघायचं, बॉडीला वास येतोय तोपर्यंत आत थिनर आहे.

माझं एक म्हणणं असं की चिखलाची गाडी असली तरी रंग आधी ग्लॉस फिनिशलाच आण, वर ग्लॉस क्लिअर मार. डिकल (पाण्याने बसवायची चित्रं-अक्षरं) ग्लॉसवर बसतात, मॅटवर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी दिसतं. वॉश, म्हणजे फटी उठवायचा पातळ रंग, तोही ग्लॉसवर फटींमधे पळतो आणि जादा झालेला पुसता येतो. इनॅमल वॉश वापरत असशील तर खाली अॅक्रिलिक किंवा लॅकर पाहिजे. आणि इनॅमल थिनर उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः ताण देऊन बसवलेल्या पार्टवर, ओतू नकोस, तडा जातो. अॅक्सल बसवलेल्या जागी हमखास.

टायरचं खरंय. मऊ विनाइलच्या टायरमधे जे प्लास्टिसायझर असतं ते हळूहळू बाहेर येतं आणि स्टायरिनची रिम त्याच्या संपर्कात मऊ पडते, वर्षभराने बघशील तर रिम टायरच्या आकाराने वितळलेली. सगळ्याच किटमधे होतं असं नाही पण जुन्या किटमधे बघितलंय. रिमला टायर जिथे टेकतो तिथे फॉइलची पट्टी गुंडाळ, नुसत्या रंगावर विसंबू नकोस. नाहीतर रेझिनचे टायर घे, ती कटकटच नाही.

डोंगरचढ

बाप रे, एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं, खूप आभार दोघांचे.

टायर मोजला, ३४ ला किंचित कमी. ३७ चे थ्रीडी प्रिंट केलेले रेझिनचे टायर मिळतायत, पाच घेतो, स्टेपनीचं डोक्यातच नव्हतं. आता दोन उपप्रश्न. एक, कॅरियर कशातून करू, किटमधे नाहीये. दोन, नुसती वळलेली चाकं ठेवण्याऐवजी पुढचं एक चाक दगडावर चढलेलं दाखवलं तर? आधीच खूप झालंय हे कळतंय पण डोक्यात बसलंय.

फूटपट्टीवाला

खूप वगैरे काही नाही, सलग अॅक्सलच्या गाडीला ती पोझ शोभते.

फक्त एक गोष्ट समजून घे. सलग अॅक्सलमधे एक चाक वर गेलं की दुसरं त्याच दांड्यावर असल्यामुळे अख्खा अॅक्सल तिरका होतो. म्हणजे वर गेलेल्या बाजूची स्प्रिंग दबलेली, शॉकअप आत गेलेला, दुसऱ्या बाजूची स्प्रिंग ताणलेली आणि शॉकअप बाहेर. दोन्ही टायर सारखेच कलतात. नुसतं एकच चाक वर सरकवून बाकी सरळ ठेवलंस तर ते स्वतंत्र सस्पेन्शनसारखं दिसेल आणि जाणकार लगेच पकडेल. मागचा अॅक्सल पुढच्याच्या उलट्या बाजूला थोडा कलव, म्हणजे पुढचं उजवं वर तर मागचं डावं वर, आणि बॉडी या दोघांच्या मधे जवळजवळ सपाट. दगड दहा मिमीचा घेतलास तर खऱ्यात तो २४ सेमीचा झाला, पुरे आहे. रुबिकॉनला पुढचा स्वे बार (गाडी कलू न देणारा आडवा दांडा) बटणाने सुटतो, तो जोडलेला असताना एवढं फ्लेक्स, म्हणजे चाकांचं वरखाली होणं, मिळत नाही, बारीक लक्ष द्यायचं असेल तर बारचे दोन भाग वेगवेगळ्या कोनात दाखव.

स्प्रिंग तारेच्या केल्या असतील तर ही पोझ सोपी, एक दाबायची एक ओढायची. शॉकअप नळीत रॉड घालून कर.

आणि टायर. रेझिनचा टायर गोल गरगरीत असतो, गाडीचं वजन पडल्यासारखा दिसत नाही. ट्रेलवर हवा कमी करून चालवतात. जमिनीला टेकतो तिथे सँडपेपरवर घासून अर्धा-पाऊण मिमी सपाट कर, आणि त्याच जागी बाजूच्या भिंतीला इपॉक्सी पुट्टीचा हलका फुगवटा दे. दगडावरच्या टायरला जास्त. रेझिन घासताना मास्क लाव आणि पाणी लावून घास, ती धूळ छातीत जायला नको.

कॅरियरला स्टायरिनचा गोल रॉड घे, एक मिमीचा. ती खऱ्यात २४ मिमीची नळी होते, कॅरियरला बरोबर बसते. कागदावर एकास एक ड्रॉइंग काढ, त्यावर उलटी टेप लाव, रॉड त्या रेघांवर ठेवून सिमेंट लाव, वाकडं होणारच नाही. रोल केजसारखं काही करणार असशील तर ते पावणेदोन इंची पाइप असतात, १.८ च्या आसपासचा रॉड पाहिजे, एक मिमीचा लावलास तर छत्रीच्या काड्या दिसतील. आणि गाडी सॉफ्ट टॉप करणार की हार्ड टॉप ते आधी ठरव, कापडी छतावर कॅरियर ठेवता येत नाही, मग त्याचे पाय खाली बॉडीपर्यंत न्यावे लागतात.

वर ठेवायच्या सामानाचंही माप बघ. ४८ इंची हाय-लिफ्ट जॅक ५१ मिमी होतो. वीस लिटरचा जेरीकॅन जवळजवळ ४७ सेमी उंच असतो, म्हणजे साडेएकोणीस मिमी. बाजारात १/३५ चे भरपूर मिळतात पण ते या गाडीवर टिफिनच्या डब्याएवढे दिसतील.

गंजलेला_नट

उशिरा आलो पण चिखलावर कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

डोंगरचढ, तुझं चॉकलेट का झालं सांगतो. एकच रंग, एकच चमक आणि सगळीकडे सारखी जाडी. चिखल म्हणजे रंग नाही, माती आहे, तिला जाडी पाहिजे आणि किमान तीन थर पाहिजेत. सगळ्यात खाली जुनी वाळलेली धूळ, फिकट आणि एकदम मॅट, तामियाचा एक्सएफ-५७ बफ खूप पातळ करून. त्यावर मधला थर एक्सएफ-५२ फ्लॅट अर्थच्या आसपासचा, पिगमेंट (रंगीत भुकटी), थोडं प्लास्टर आणि अॅक्रिलिक मॅट मीडियम कालवून, फाटक्या ब्रशने टोचत टोचत लावायचा, ओढायचा नाही. सगळ्यात वर ताजा चिखल, सगळ्यात गडद, अगदी थोडा, आणि फक्त त्यालाच ग्लॉस क्लिअर. ओलं गडद आणि चमकतं, वाळलेलं फिकट आणि मॅट, एवढं पाळलंस तर अर्धं काम झालं.

बाहेरची खरी माती वापरायची असेल तर बारीक कापडातून दोनदा चाळ. एक मिमीचा खडा तुझ्या गाडीवर २४ मिमीची खडी होते. दगडावर चढणाऱ्या गाडीच्या व्हील आर्चमधे एखादी चालेल, दरवाज्यावर चिकटलेली नाही चालणार.

कुठे लावायचा हे जास्त महत्त्वाचं. पुढचं चाक जे उडवतं ते दाराच्या खालच्या भागावर आणि मागच्या फ्लेअरच्या पुढच्या तोंडावर बसतं, मागचं चाक बंपरच्या कोपऱ्यावर. खोक्यासारख्या गाडीच्या मागे हवा भोवरा करते त्यामुळे मागचं दार, स्टेपनी आणि मागची काच पुढच्यापेक्षा जास्त धुळकट असतात, पण ती धूळ असते, चिखल नाही. स्टेपनीच्या खाचांमधे ओला चिखल भरलेला बघितला की मला हसू येतं, तो टायर जमिनीला लागलाच कुठे? याउलट चालत्या टायरच्या खाचा भरलेल्या आणि जमिनीला घासणारी वरची कड स्वच्छ काळी. शिंतोडे उडवायचे तर ब्रशवर काडी ओढ, पण बाकी गाडी कागदाने झाक, आणि शिंतोडे चाकाकडून मागे-वर अशाच दिशेने गेले पाहिजेत.

पुढच्या काचेला वायपरच्या आकाराचे मास्किंग टेपचे तुकडे लावून मगच धूळ मार. दारांची हँडल जिथे हात लागतो तिथे पुसट कर. आत फ्लोअर मॅटवर, पेडलजवळ थोडी माती टाक, बुटातून येते ती.

गंज आणि चिपिंगच्या नादी फार लागू नकोस. ही गाडी जुनी विलीज जीप नाही. आताच्या बॉडीला खाली प्रायमरचे थर असतात, ओरखडा पडला म्हणून लगेच तांबडा गंज सुटत नाही. ट्रेलवरच्या गाडीला झुडपांच्या फांद्यांचे बारीक आडवे ओरखडे असतात, बॉडीच्या रंगापेक्षा फिकट रंगाने केसासारख्या रेघा, पुढून मागे, दारं आणि फ्लेअरच्या उंचीवर. गंज पाहिजेच असेल तर ब्रेक डिस्क आणि एक्झॉस्टवर, आणि दगड घासतो तिथे, रॉक रेल आणि डिफरन्शियलच्या खालच्या बाजूला, चमकतं उघडं लोखंड. काळे प्लास्टिक फ्लेअर उन्हाने करडे पडतात, म्हणून शुद्ध काळा कुठेच नको, टायरलाही एक्सएफ-८५ रबर ब्लॅक.

विंचचं एक. सिंथेटिक दोर दाखवणार असशील तर पुढे गुळगुळीत अॅल्युमिनियमचा फेअरलीड (दोर बाहेर येतो ती चौकट) पाहिजे, स्टीलची केबल असेल तर चार रोलरवाला. किटवाले आणि आफ्टरमार्केटवाले दोन्ही बिनधास्त मिसळतात. स्नॉर्कल एअर फिल्टर बॉक्स बोनेटखाली ज्या बाजूला आहे त्याच बाजूला निघायला हवा, बाजू बघून घे.

बाकी काळा_प्रायमर, चिखलाखालच्या गाडीला पूर्ण ग्लॉस कशाला हे मला अजून पटलेलं नाही. डिकलच्या जागी ग्लॉस मारा, बाकी सेमीग्लॉस चालतो की. पिगमेंट ग्लॉसवर पकडच घेत नाहीत.

काळा_प्रायमर

पिगमेंटच्या आधी मॅट मारायचाच असतो ना काका, मी ग्लॉसवर थांबा असं कुठे म्हटलं. ग्लॉस, डिकल, वॉश, मग मॅट, मग तुमचा चिखल. सेमीग्लॉसवर वॉश मारला की पुसताना डाग राहतो, मला ते चालत नाही.

गंजलेला_नट

तो डागच तर धूळ आहे. असो, तुझ्या गाड्या चकचकीत असतात, माझ्या नसतात.

डोंगरचढ

तुम्ही दोघं भांडा, मी एका दारावर हे आणि दुसऱ्या दारावर ते करून बघतो. हार्ड टॉप ठरला. विंचला सिंथेटिक दोर आणि साधा फेअरलीड. आज बसून ब्लू टॅकवर चॅसिस उभं करतो. दोर कशाचा करायचा ते सांगा कुणीतरी, शिवणाचा दोरा लावला तर त्याचे तंतू बाहेर येतात.

फूटपट्टीवाला

मासेमारीची विणलेली लाइन घे, ०.४ ची, तंतू सुटत नाहीत. खरा दोर दहा मिमीच्या आसपासचा असतो, म्हणजे ०.४ बरोबर बसतो. ड्रमवर गुंडाळताना टोकाला सुपरग्लूचा थेंब लाव, आणि ओळीने नीट गुंडाळू नकोस, वापरलेल्या विंचवर दोर एकावर एक चढलेला असतो.